रोबोचा डबा कोणी उघडायचा?

"अग्नीचा शोध, चाकाचा शोध, आणि त्यानंतर थेट आजची सकाळ!" हॉलच्या मधोमध उभा राहून जीवन घरत म्हणाला. "लिहून ठेवा. आजपासून या घरात कोणीही केर काढणार नाही. केर काढण्याचं युग संपलं!"

वर्ष दोन हजार अठरा, महिना एप्रिल, स्थळ नवीन पनवेल. त्याच्या पायाशी, नुकत्याच फोडलेल्या खोक्याशेजारी, भाकरीच्या तव्याएवढं एक काळं, गोल यंत्र बसलं होतं. जीवनच्या मुलीने, रियाने, बटण दाबलं. यंत्राने एक छोटीशी धून वाजवली, निळा डोळा लुकलुकवला, अडीच फूट अंतर चालून गेलं, पायपुसण्याचे गोंडे तोंडात घेतले आणि खोकलं. मग इंग्रजी बाईच्या आवाजात त्याने जाहीर केलं, की आपण अडकलो आहोत आणि आपल्याला मदत हवी आहे.

नवं युग अकरा सेकंद टिकलं.

स्वयंपाकघरातून जीवनची बायको स्नेहल आली. भिंतीला हात टेकत, आधी एक गुडघा आणि मग दुसरा, अशी ती हप्त्याहप्त्याने खाली बसली. एकेक गोंडा सोडवला, यंत्र सरळ केलं, भिंतीलाच धरून उठली आणि आत गेली.

"सुरुवातीला असं होतंच," जीवन म्हणाला.

आता, वाचकहो, हा जीवन वाईट माणूस होता असं समजू नका. वाईट माणसाची गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला त्याहून सोपी. आपल्यावर काही येत नाही. जीवन चांगला माणूस होता, तुमच्या-आमच्यासारखा, आणि इथेच सगळी पंचाईत आहे.

झालं होतं असं. स्नेहल न्हावा शेव्याच्या एका कंटेनर कंपनीत कागदपत्रं सांभाळायची. अठरा वर्षं दिवसा खुर्ची आणि सकाळ-संध्याकाळ घर, असं चाललेलं असताना मार्चमध्ये तिच्या कमरेतला मणका सरकला. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून पाहिला आणि सांगितलं, "सहा आठवडे रजा घ्या. वाकायचं नाही. केर नाही, लादी नाही, बादली नाही. नाहीतर ऑपरेशन." मग त्यांनी मान जीवनकडे वळवली. "हे मी त्यांना सांगत नाहीये, तुम्हाला सांगतोय."

स्नेहलच्या थोरल्या बहिणीचं हेच ऑपरेशन झालं होतं. ती अजून काठी घेऊन चालते. त्यामुळे घरी परतताना रिक्षात स्नेहल दांडा घट्ट धरून बसली होती. जीवननेच तिचा हात धरून शब्द दिला, "सहा आठवडे तुला मी वाकू देणार नाही."

शब्द खरा होता. अडचण एवढीच, की केर कोणीतरी काढायला हवा होता. केर-लादी करणारी भामा लेकीच्या बाळंतपणाला गावी गेली होती, ती मेअखेरीपर्यंत येणार नव्हती. रियाची परीक्षा होती. उरला जीवन. तो कळंबोलीच्या लोखंड बाजारात नोकरीला. दिवसभर सळ्यांचे ट्रक भरून देताना "पुढे घे, मागे घे" ओरडून संध्याकाळी त्याच्या घशात गंज चढलेला असायचा. शिवाय तो खाडीकाठच्या गावात वाढलेला. तिकडे सांगायचे, की पुरुषाला केरसुणी लागली की पुरुष वाळतो. जीवनचं वजन ब्याण्णव किलो होतं. तरी त्याने आजवर धोका पत्करला नव्हता.

आणि पनवेलचा केर म्हणजे साधा केर नव्हे. ते राहायचे त्या सोसायटीचं नाव गिरिदर्शन. पूर्वी गच्चीवरून डोंगर दिसायचा. आता डोंगर फोडायचं काम चालू होतं, त्यामुळे तो गच्चीवरून दिसत नसे. कणाकणाने घरातच येत असे. त्यात तळोज्याच्या कारखान्यांची काजळी, ट्रकचा धूर. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहावं.

म्हणून जीवनने रोबो आणला.

आणि खरंच, दोन आठवडे घर चकाचक होतं! सकाळी नऊला जीवन निघायचा, साडेनऊला यंत्र निघायचं. तशी वेळच त्याने लावून दिली होती. संध्याकाळी आला की तो मोजा काढून अंगठा लादीवरून फिरवायचा. कण नाही. मग सोफ्यावर बसून तो यंत्राकडे असा पाहायचा, जसा बाप पहिल्या नंबराने पास झालेल्या पोराकडे पाहतो.

"बघितलंस? आणि तुला बोटसुद्धा लावावं लागत नाही."

"हो," स्नेहल म्हणायची. ती अलीकडे एवढंच बोलायची. जीवनला वाटायचं, आराम मिळाल्यामुळे शांत झाली असावी.

समोरच्या दारात प्रभाकरराव राहत. बँकेतून निवृत्त झालेले, साठीचे, मताचे पक्के. त्यांच्याकडे एकोणीस वर्षांपूर्वी दारावर आलेल्या विक्रेत्याकडून घेतलेला मोठा व्हॅक्यूम क्लीनर होता: पिंपाएवढं पोट, सोंडेएवढी नळी. जीवनच्या यंत्राची कीर्ती जिन्यात पोचली तशी त्यांना झोप लागेना.

"तो तुमचा तवा केर काढतो म्हणता?" एकदा जिन्यात त्यांनी गाठलं. "गोंजारतो हो नुसता! ओढ लागते ओढ. आमचं मशीन गालिच्यातला केर असा ओढतं की गालिचा पण दोन इंच वर येतो."

"तुमचं मशीन सुरू झालं की कळंबोलीतले ड्रायव्हर आपला ट्रक कोणी चालू केला म्हणून खाली धावतात, प्रभाकरराव."

"आवाज म्हणजे ताकद!"

"मग जनरेटरनेच झाडा की घर."

रोबो जुन्या व्हॅक्यूमची जागा घेऊ शकतो का, या प्रश्नावर गिरिदर्शन दुभंगली. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर सतरा जणांनी मत दिलं. सतराही पुरुष होते. बायकांनी मत दिलं नाही. त्या केर काढत होत्या. अखेर ठरलं, की रविवारी सकाळी दहाला जीवनच्या हॉलमध्ये दोन्ही यंत्रांचा सामना व्हावा आणि प्रश्न कायमचा निकालात निघावा.

आदल्या दिवशी, शनिवारी सकाळीच, जीवनची आत्या कृष्णाबाई उरणकडून आली. चाळीस वर्षं बाजारात मासळी विकून नजर अशी झालेली, की माणसाचेसुद्धा कल्ले उचलून ताजा-शिळा ओळखावा. सुनेची कमर बघायला आली होती आणि येताना पिशवीभर जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, घेऊन आली होती. पावसाळ्याची बेगमी. तिने तो गॅलरीत वर्तमानपत्रावर उन्हात पसरला, आणि दिवसभर गॅलरीच्या उंबऱ्यावर बसून राहिली.

संध्याकाळी जीवन आला. आत्याने त्याला पाणी पिऊ दिलं आणि मग विचारलं, "जीवना, तुजा मशीन सकाली कामावर जातो, तवा त्याची तयारी कोन करून देतंय?"

"तयारी कसली, आत्ये? आपोआप चालतं ते. चार्जिंग असतं."

"आपोआप?"

"एकदम."

"हां," आत्या म्हणाली, आणि बोटावर मिसरी घेऊन दात घासू लागली. जीवनला वाटलं, म्हातारीला विज्ञान कळायचं नाही.

रविवार उजाडला. दहा वाजता गिरिदर्शनमधले सात पुरुष जीवनच्या सोफ्यावर आणि खुर्च्यांवर बसले. हॉलच्या मधोमध लाल चिकटपट्टी लावून दोन राज्यं केली होती. पलीकडचा भाग पिंपाचा, अलीकडचा तव्याचा. प्रभाकररावांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला होता आणि दोन पुड्यांत अर्धा-अर्धा पाव केर: रस्त्यावरची वाळू, सलूनमधले केस आणि कुटलेला चिवडा. दोन्ही बाजूंना सारखा केर टाकायचा, मग बघायचं कोण किती उचलतो.

"एक मिनिट!" प्रभाकररावांनी हात वर केला. "या लादीवर आजचा केर आधीच आहे. मोजलेल्या केरात न मोजलेला केर मिसळला, तर निकालाला अर्थ काय?"

सातही जणांनी माना डोलावल्या. मुद्दा बिनतोड होता.

"आधी घर एकदा स्वच्छ करून घ्यायला हवं," प्रभाकरराव म्हणाले.

जीवन स्वयंपाकघरात गेला. "अगं, जरा... म्हणजे दोन मिनिटांचं काम आहे. वाकू नकोस हां! नुसतं वरवर."

न वाकता वरवर केर कसा काढायचा, हे जीवनला सांगता आलं असतं, तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. स्नेहलने हातातलं पातेलं खाली ठेवलं. झाडू घेतला. गॅलरीच्या उंबऱ्यावरून आत्या म्हणाली, "दे इकरं, पोरी."

"नको आत्या. तुमचे गुडघे आधीच..."

ती झाडू लागली. झाडू जसजसा जवळ आला, तसतसे सात पुरुषांनी एकेक करून पाय वर घेतले. पाय वर घेणं हा स्वच्छतेच्या कामातला आपल्याकडच्या पुरुषांचा ऐतिहासिक सहभाग आहे, आणि तो त्यांनी त्या दिवशीही चोख बजावला. एकाने तर "सावकाश हं, वहिनी," असंही म्हटलं.

हॉल लख्ख झाला. मग त्या लख्ख लादीवर प्रभाकररावांनी आणि जीवनने आपापल्या पुडीतला केर नीट पसरला.

"सुरू!" रिया म्हणाली.

रोबोने धून वाजवली आणि निघाला. आपल्या बाजूची थोडी वाळू घेतली, थोडे केस घेतले, तिथून चिकटपट्टी ओलांडून परराज्यात शिरला, तिथलं काही न आवडल्यासारखा गर्रकन वळला आणि उघड्या दारातून, आत्याच्या पायाजवळून, सरळ गॅलरीतल्या जवळ्याकडे गेला. सगळे तिकडे बघणार, एवढ्यात प्रभाकररावांनी आपल्या पिंपाचं बटण दाबलं.

घरघर नव्हे, गर्जना झाली. पण नळीच्या तोंडाने केर ओढला नाही. तिने तो फुंकला! अर्धा पाव वाळू, केस आणि चिवडा एका झोतात उडाला आणि बसलेल्या सात जणांच्या तोंडावर, चष्म्यावर, केसांत, उघड्या तोंडांत जाऊन बसला. "बंद करा! अहो, बंद करा!" कोणीतरी ओरडलं. प्रभाकरराव एका हाताने नळी आवरत होते आणि दुसऱ्या हाताने बटण शोधत होते. नळी एकेकाकडे वळून त्याच्यावर फुंकत होती, जशी काही हजेरी घेतेय.

समोरच्या दारातून त्यांची बायको मालूवहिनी हातात पळी घेऊन आल्या. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. सरळ भिंतीपाशी जाऊन पिन उपटली.

"मागच्या तोंडाला लावलीत नळी," त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "ते फुंकायचं तोंड. ओढायचं पुढचं. एकोणीस वर्षं मी पुढच्या तोंडाला लावतेय."

त्या निघून गेल्या. भाजी गॅसवर होती.

तेवढ्यात गॅलरीतून इंग्रजी बाईचा आवाज आला: डबा भरला आहे, कृपया रिकामा करा.

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली स्नेहल आपसूक निघाली. कोणी सांगितलं नव्हतं. आवाज आला की निघायचं, अशी सवय अंगाला लागलेली असते. गॅलरीत जाऊन ती वाकली, यंत्राला हात लावला आणि तशीच राहिली.

"अहो," ती हळू म्हणाली. "मला सरळ होता येत नाहीये."

पहिल्यांदा कोणाच्या लक्षातच आलं नाही. मग आत्या ओरडली, "अरं, धरा तिला!" जीवन धावला. तिचा चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर घाम होता आणि एक हात लादीवर टेकलेला होता. डोंगराच्या धुळीत त्या हाताच्या पाच बोटांचे ठसे उठले होते. जीवनने आणि आत्याने तिला तशीच अर्धी वाकलेली उचलून खोलीत नेलं, कुशीवर निजवलं. डॉक्टरांना फोन झाला. ते म्हणाले, हलवू नका, उद्या सकाळी आणा. "वाकल्या कशा?" त्यांनी विचारलं. "आता पुन्हा असं झालं, तर मी ऑपरेशनची तारीखच देतो," डॉक्टर म्हणाले आणि फोन ठेवला.

सात पुरुष एकेक करून सटकले. हॉल जसा होता तसाच टाकून, चपला मात्र ज्याच्या त्याने बरोबर ओळखून घातल्या. प्रभाकरराव आपलं पिंप ओढत गेले.

जीवन खोलीतून बाहेर आला तेव्हा आत्या हॉलमध्ये पाय पसरून बसली होती. तिच्यासमोर तो तवा होता.

"जीवना, माजा जवला दे."

"काय?"

"तुज्या मशीनानं माजा जवला खाल्ला. अर्दा तरी खाल्ला असंल. काढून दे मना."

"आत्ये, आत्ता? ती तिकडे अशी पडलीय आणि तुला जवळ्याचं..."

"काढ तं खरा."

जीवनने यंत्र उचललं. उलटं केलं. एक कळ दाबली. यंत्राने धून वाजवली. दुसरी दाबली, निळा डोळा लाल झाला. त्याने कडा चाचपल्या, नखाने झाकण उचकटून पाहिलं, हलवलं. आत जवळा खुळखुळत होता. वास तर असा सुटला होता, की यंत्र होडीवरून आल्यासारखं वाटत होतं. पण डबा उघडेना. सोळा दिवस तो या यंत्राचा मालक होता. जिन्यात, बाजारात, ट्रकवाल्यांत त्याने त्याची महती गायली होती. आणि त्याच्या पोटाचं झाकण कुठे आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं!

"रिया, कुठून उघडतं गं हे?"

"मला नाही माहीत, बाबा."

आतून, भिंतीपलीकडून, स्नेहलचा आवाज आला. दुखण्याने अर्धा झालेला. "डाव्या हाताला राखाडी कळ आहे. ती दाबून वर उचला. सांडेल, खाली कागद घ्या."

आत्याने जीवनकडे पाहिलं. रागाने नव्हे. शिळ्या मासळीचे कल्ले उचलून पाहायची, तसं.

"ऐकलास? कंबर मोडून पडलीय, तरी मशीनाचा डबा तिलाच ठाव. सोला दिस कोन उघडत व्हता यो?"

जीवनने कागद पसरून राखाडी कळ दाबली.

"मी काल बगली ना. तू नऊला गेलास. मंग तिनं चपला उचलल्या. तुज्या चार्जरची वायर गुंडालली, नायतर मशीन गिलतो. पायपुसनी उचलली. खुर्च्या टेबलावर ठेवल्या. पडदं बांदलं. मंग तुजा राजा निंगाला फेरफटक्याला. मंग तो कपाटाखाली अडकला. तिनं पालथी पडून काढला. मंग ब्रशातले केस कातरीनं काढले, डबा धुतला, खुर्च्या खाली. यकोनीस येला वाकली, जीवना. मी बोटावर मोजली. झाडू मारायची तवा येवरी नाय वाकायची."

जीवन उठून खोलीच्या दाराशी गेला. "मग मला सांगायचं नाही का, स्नेहल? मी शब्द दिला होता तुला!"

स्नेहलने डोळे मिटलेलेच ठेवले. "सांगून काय झालं असतं? तुम्ही आणखी एक यंत्र आणलं असतं."

त्याला हसू आलं नाही. खरोखरच त्याच्या मनात त्या क्षणी लादी पुसणाऱ्या एका नव्या यंत्राचा विचार चमकून गेला होता.

तो परत येऊन आत्यासमोर बसला. "आत्ये, मी लहानपणापासून... आपल्यात बाप्ये झाडू..."

"आपल्यात?" आत्याने पदर खोचला. "तुजा आजा मासली मारून आला का होडी कोन धुवायचा? तुजी आजी? होडीला तिचा पाय नाय लागायचा. तुजा आजा, तुजा बाप, झाडून सगले बाप्ये. होडी झाडायची, पानी मारायचा, जाली झटकायची, घान काढायची. रोज! कोन वाललं त्यात? तुजा आजा शंबर किलोचा व्हता. होडी झाडली तं मरद आनि घर झाडला तं बायल्या, हा कायदा कोनी लिवला? समुद्रानं?"

"तसं नव्हे, आत्ये..."

"तसंच हाय. तुमी दोगं बाप्ये भांडलात, कंचा मशीन मोठा. कुनाच्या मशीनाखाली कोन वाकतंय, ता नाय इचारलात. पोरी, तू पन ऐक," ती रियाकडे वळली. "मशीन चांगलाच हाय. मना पन आवडला. पन मशीन केर खातो, आनि मशीनाचा केर मानूस काढतो. ता मानूस कोन, तेवढा आदी ठरवायचा. मंग आना काय आनायचा तो."

लोकहो, किती साधी गोष्ट! सतरा मतं पडली, काटा आणला, चिकटपट्टी लावली, आणि हा एक प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नाही!

हॉलभर वाळू, केस, चिवडा पडला होता. जीवन उठला. दाराआडचा झाडू घेतला. कसा धरायचा तेही त्याला नक्की माहीत नव्हतं. त्याने तो सळईसारखा मुठीत धरला.

"असा नाय. खालून धर. कोपऱ्यातून काढ. आनि मागं मागं ये, झाडलेल्यावर पाय देऊ नगं," आत्या बसल्या जागेवरून सांगत होती. "अरं, सोफ्याखालचा कोन काढील? समुद्र?"

अर्ध्या तासात ब्याण्णव किलोच्या जीवनला घाम फुटला, कमरेत कळ आली आणि एक हात नकळत भिंतीकडे गेला. तिथे, बरोबर त्याच उंचीवर, भिंतीचा रंग मळून काळा झालेला होता. सोळा दिवस कोणीतरी तिथेच हात टेकून उठत होतं. त्याने तो डाग पाहिला आणि हात मागे घेतला. मग तसाच, आधाराशिवाय उठला.

पुढच्या गोष्टी भराभर सांगतो. जीवन रोज सकाळी साडेसहाला उठू लागला. चपला, वायरी, पायपुसणी, खुर्च्या: सगळं तो उचलायचा. रोबो तो घरात असतानाच चालायचा, अडकला की तोच पालथा पडायचा, डबाही तोच उघडायचा. जवळ्याचा वास मात्र यंत्राच्या अंगात भिनला तो भिनलाच; साडेसातला ते निघालं की खालच्या मजल्यावरची मांजर जिन्यात येऊन बसे. रोबो कोपऱ्यात तोंड घालत नाही आणि खिडकीच्या चौकटीवर चढत नाही, हेही जीवनला कळलं, म्हणून तिथे तो झाडू फिरवायचा. एका रविवारी तर त्याने प्रभाकररावांचं पिंप मागून आणून गादी साफ केली. नळी कुठल्या तोंडाला लावायची, ते प्रभाकररावांनीच येऊन दाखवलं. त्यांनाही आता माहीत झालं होतं. मालूवहिनींनी पळी हातात घेऊनच शिकवलं होतं.

तेव्हा रोबो जुन्या व्हॅक्यूमची जागा घेऊ शकतो का? काही ठिकाणी घेतो, काही ठिकाणी नाही. प्रश्न फार मोठा नाही. मोठी गोष्ट ही, की या दोघांपैकी कोणीही स्नेहलच्या कमरेची जागा घेतली नव्हती. ती जागा घरातल्या माणसांनाच घ्यावी लागते. यंत्र विकत आणलं म्हणजे आपला वाटा उचलला, असं ज्या नागरिकाला वाटत असेल, त्याने आज घरी जाऊन यंत्राचा डबा स्वतः उघडून पाहावा. उघडता आला तर उत्तम. नाही आला, तर आतून कोणाचा आवाज येतो ते ऐकावं!

सहा आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजले गेले. जूनच्या सुरुवातीला डॉक्टरांनी स्नेहलला उभं केलं, चालवलं, पाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ऑपरेशन नको." रिक्षात ती पहिल्यांदा मोठ्याने हसली. कशावर, ते तिलाही सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. स्नेहल पलंगावर चहा घेत बसली होती. जीवन खोली झाडत होता. महिनाभर रोज झाडून त्याचा हात बसला होता आणि बोलायला विषयही मिळाला होता.

"तुला सांगतो, स्नेहल," झाडू थांबवून तो म्हणाला, "मला आता कळलंय. केर ही संपणारी गोष्टच नाही. मी या कोपऱ्यातून काढतो, तो त्या कोपऱ्यात जातो. तिथून काढतो, तो पलंगाखाली. ढीग सुपलीत भरेपर्यंत अर्धा नाहीसा! गेला महिनाभर रोज बघतोय. बायकांनी पिढ्यान् पिढ्या हे एकट्यांनी कसं केलं असेल? मी ठरवलंय. भामा आली तरी केर मीच काढणार. सोसायटीच्या सभेत उभा राहून सांगणार, की बाबांनो, पुरुषाने झाडू हातात घेतल्याशिवाय हा देश स्वच्छ व्हायचा नाही! तुला पटतं ना?"

"पटतं," स्नेहल म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. थोडे भावनेने, थोडे धुळीने. तिने चहाच्या कपावर बशी झाकली.

"आणखी काही हवंय तुला? सांग. मागशील ते."

"एकच."

"बोल!"

"केर काढताना तेवढा पंखा बंद करत जा."